एवढ्याशाने काय होतंय, डॉक्टर? – डबलडेकर बसच्या जिन्याची गोष्ट



माझ्या दवाखान्यात दिवसातून निदान तीन-चार वेळा ऐकू येणारं एक वाक्य आहे. "एवढ्याशाने काय होतंय, डॉक्टर?"

लोणच्याची एक फोड, जेवणानंतरची एक सिगारेट, पहिल्या मजल्यासाठी लिफ्ट, लग्नाच्या गडबडीत दोन दिवस चुकलेली बीपीची गोळी. एवढ्याशाने काय होतंय? हाच प्रश्न उलट्या बाजूनेही येतो. "रोज वीस मिनिटं चालून असं काय मोठं होणार आहे?"

हा प्रश्न विचारणारा माणूस अडाणी नसतो. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही याचं उत्तर माहीत नव्हतं. रोजच्या बारीकसारीक निवडींनी माणसाचं आयुष्य खरंच बदलतं का, हे आधी कोणीतरी मोजावं लागलं. ते कसं मोजलं गेलं, याची गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे. लेख थोडा लांब आहे, पण चहा घेत निवांत वाचा. (चहात साखर किती घालायची, ते शेवटी ठरवा.)

राष्ट्राध्यक्षांचं ब्लड प्रेशर

सुरुवात अमेरिकेपासून करू. फ्रँकलिन रूझवेल्ट हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रून नावाच्या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने त्यांना तपासलं, तेव्हा ब्लड प्रेशर होतं १८६/१०८. हृदय मोठं झालेलं, दम लागत होता. आज एखाद्या तालुक्याच्या गावीसुद्धा असा रुग्ण आला तर डॉक्टर लगेच उपचार सुरू करतील.

तेव्हा मात्र परिस्थिती वेगळी होती. वाढलेलं बीपी हा आजारच नाही, वयाबरोबर ते वाढायचंच, असं बरेच डॉक्टर मानत. काहींचं तर म्हणणं होतं की कडक झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त पुढे ढकलायला वाढलेलं बीपी शरीराला गरजेचंच असतं! आज मिळतात तशा साध्या, सोसवणाऱ्या गोळ्याही नव्हत्या.

१२ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथे रूझवेल्ट आपलं चित्र काढून घेत बसले होते. अचानक डोक्यात मागच्या बाजूला भयंकर कळ आली आणि ते कोसळले. बीपी ३०० च्या वर गेलं होतं. मेंदूत रक्तस्राव होऊन काही तासांत त्यांचं निधन झालं. वय फक्त ६३.

जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या प्रमुखाला उत्तम डॉक्टर, हवं ते रुग्णालय, सगळं उपलब्ध होतं. नव्हतं ते एवढंच ज्ञान, की हा आजार एका दिवसात होत नाही, तो वर्षानुवर्षं घडत असतो. पुढे १९४८ मध्ये अमेरिकेने हृदयरोगावरच्या संशोधनासाठी कायदा केला. त्याच वर्षी बोस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅम या लहानशा गावात एक अभ्यास सुरू झाला. गावातल्या ५,२०९ स्त्री-पुरुषांना दर दोन वर्षांनी बोलावून तपासायचं आणि कोणाला हृदयविकार होतो, कोणाला नाही, ते बघायचं. हा अभ्यास पुढे त्यांच्या मुलांपर्यंत आणि नातवंडांपर्यंत पोचला. त्याच्याकडे आपण परत येऊच.

एकाच बसमधली दोन माणसं

आता लंडनला जाऊ. त्याच १९४८ च्या सुमारास तिथे डॉ. जेरी मॉरिस यांना एक कोडं पडलं होतं. मॉरिस यांचं बालपण ग्लासगोत गेलं. युद्धकाळात त्यांनी सैन्यातला डॉक्टर म्हणून काम केलं होतं. हार्ट अटॅकने मरणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांची संख्या वाढत चालली होती. का? ठोस असं कोणालाच माहीत नव्हतं. माणसाच्या कामाचा याच्याशी काही संबंध असेल का, अशी शंका मॉरिसना आली.

पण हे तपासायचं कसं? बँकेतला साहेब आणि गोदीतला हमाल यांची तुलना केली, तर दोघांचं खाणं, घर, पगार, सगळंच वेगळं. फरक दिसला तरी तो नेमका कशामुळे, हे सांगता येणार नाही.

उत्तर त्यांना रस्त्यावर सापडलं. लंडनची ती प्रसिद्ध डबलडेकर बस! एका बसवर दोन माणसं, एक चालक आणि एक वाहक. दोघं सारख्याच वस्तीतले, पगारात फार अंतर नाही, तीच धुरकट हवा, तेच पाळ्यांचं वेळापत्रक. फरक एकच. चालक कामाच्या वेळेतला जवळजवळ ९० टक्के वेळ बसून. वाहक मात्र तिकिटं फाडत दिवसभर जिना वर-खाली.

मुंबईकरांना हे चित्र वेगळं सांगायला नको. आपल्याकडेही बेस्टची डबलडेकर १९३७ पासून धावत होती. गच्च भरलेल्या बसमध्ये चिमटा वाजवत वरच्या मजल्यावर जाणारा कंडक्टर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मॉरिसना काय सुचलं ते लगेच कळेल.

मॉरिस यांचे सहकारी तासन् तास बसमध्ये बसून वाहक किती पायऱ्या चढतो ते मोजत. एका पाळीत साधारण ५०० ते ७५० पायऱ्या भरल्या. मग लंडनच्या वाहतूक सेवेतल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१,००० पुरुषांच्या आजारपणाच्या आणि मृत्यूच्या नोंदी तपासल्या गेल्या.

निकाल १९५३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. वर्षाला दर हजार चालकांमागे साधारण २.७ जणांना हृदयविकाराचा त्रास झाला होता, तर वाहकांमध्ये १.९ जणांना. शिवाय वाहकांना त्रास झालाच, तर तो उतारवयात होत होता आणि अटॅकनंतर लगेच मृत्यू येण्याचं प्रमाणही त्यांच्यात बरंच कमी होतं.

आकडे हाती आल्यावर मॉरिस यांनी ते छापायची घाई केली नाही. आपली चूक तर होत नाही ना, हे पाहायला त्यांनी दुसरी जोडी शोधली. टपाल खात्यातले पोस्टमन आणि त्याच सरकारी नोकरीतले बैठं काम करणारे कारकून, टेलिफोन ऑपरेटर. तिथेही तेच दिसलं. दिवसभर पायी आणि सायकलवर टपाल वाटणाऱ्या पोस्टमनला हृदयविकार कमी.

कोणताही वाहक आरोग्यासाठी जिना चढत नव्हता. तो तिकिटाचे पैसे घ्यायला चढत होता. पण त्याच्या हृदयाला कारणाशी देणंघेणं नव्हतं. त्याला फक्त पायऱ्या कळत होत्या.

पँटच्या मापाचा घोळ

तुमच्यापैकी एखादा चाणाक्ष वाचक म्हणेल, "डॉक्टर, थांबा. मुळात जाड माणसंच चालकाची नोकरी घेत असतील तर? मग जिन्याचा काय संबंध?"

अगदी बरोबर शंका आहे, आणि ती मॉरिसनाही आली. तिचं उत्तर त्यांनी शोधलं ते शिंप्याच्या वहीतून! बस कर्मचाऱ्यांना गणवेश मिळत असे आणि कोणाला कोणत्या मापाची पँट दिली, याची नोंद वाहतूक सेवेकडे होती. १९५६ मध्ये मॉरिस आणि सहकाऱ्यांनी या मापांवर निबंध लिहिला. तेवढ्याच उंचीच्या वाहकापेक्षा चालकाच्या पँटची कंबर मोठी होती, आणि हा फरक तरुण वयातच दिसत होता. म्हणजे शंकेत तथ्य होतं. नोकरीला लागतानाच दोन्ही गट अगदी सारखे नव्हते.

पण वही तिथेच संपली नाही. सारख्या बांध्याचे वाहक आणि चालक समोरासमोर ठेवून पाहिले, तरीही अचानक हृदयविकाराने मृत्यू येण्याचं प्रमाण वाहकांमध्ये कमीच राहिलं. सडपातळ असो की पोट सुटलेला, जिना चढणाऱ्याला फायदा होताच. पोट हा गोष्टीचा एक भाग होता, सगळी गोष्ट नव्हती.

हा भाग मी मुद्दाम सांगतो आहे. व्हॉट्सअॅपवर रोज "अमुक खा, हृदयविकार पळवा" असे संदेश येतात. त्यांच्यात आणि खऱ्या संशोधनात फरक हाच. खरा संशोधक स्वतःच्या निष्कर्षावर आधी स्वतःच शंका घेतो.

पुढे मॉरिसनी सरकारी कचेऱ्यांतल्या मध्यमवयीन अधिकाऱ्यांचा अभ्यास केला. हे सगळे खुर्चीवर बसणारे. सोमवारी सकाळी त्यांना विचारलं जाई, शुक्रवारी आणि शनिवारी मोकळ्या वेळात नेमकं काय केलंत? जे अंगातून घाम निघेल असं काही करत होते, त्यांच्यात हृदयविकार लक्षणीय कमी आढळला.

यातून नंतर एक गोष्ट स्पष्ट झाली, ती आपल्या पिढीतल्या पुरुषांनी नीट ऐकावी. "मी कॉलेजात असताना कबड्डी खेळायचो, डॉक्टर, शरीर कमावलेलं आहे." मॉरिस यांच्या आकड्यांत तरुणपणी खेळून नंतर सोडून दिलेल्यांना काहीही संरक्षण मिळालेलं नव्हतं. संरक्षण होतं ते आत्ता, या महिन्यात हालचाल करणाऱ्याला. व्यायाम मुदत ठेवीसारखा बँकेत पडून राहत नाही. तो रोजच्या मजुरीसारखा आहे, आज काम केलं तर आजचे पैसे.

संशोधकाने मध्येच सोडलेली सिगारेट

त्याच सुमारास, त्याच लंडनमध्ये दुसरे दोघं जण वेगळ्या कोड्यामागे लागले होते. डॉ. रिचर्ड डॉल आणि संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल. फुप्फुसाचा कॅन्सर झपाट्याने वाढत होता. संशय कोणावर? मोटारींचा धूर, रस्त्यावरचं डांबर. सिगारेट हे यादीतलं आणखी एक नाव, इतकंच. तेव्हा घरोघरी सिगारेट ओढली जायची, डॉक्टरही ओढायचे. स्वतः डॉल ओढत असत.

लंडनच्या रुग्णालयांत कॅन्सरच्या आणि इतर आजारांच्या रुग्णांना सारखेच प्रश्न विचारले गेले. कागद जमत गेले तसं चित्र दिसू लागलं. फुप्फुसाचा कॅन्सर झालेल्या ६४९ पुरुषांमध्ये धूम्रपान न करणारे निघाले फक्त दोन! हा निबंध सप्टेंबर १९५० मध्ये छापून आला. पण डॉल यांनी तोवर वाट पाहिली नाही. अभ्यास पुरा होण्याआधीच, १९४९ मध्ये, त्यांनी सिगारेट सोडली.

मग १९५१ मध्ये त्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांना पत्रं पाठवली. तुम्ही ओढता का, किती ओढता? सुमारे ४०,००० जणांनी उत्तरं दिली. त्यांपैकी ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचं पुढे काय झालं, याचा पाठपुरावा थेट ५० वर्षं चालला. २००४ मध्ये त्याचा निकाल छापला गेला, तेव्हा डॉल ९१ वर्षांचे होते आणि तो निबंध त्यांच्याच नावावर होता.

निकाल असा. आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरी १० वर्षं लवकर गेले. ज्यांनी ६० व्या वर्षी सोडली त्यांना त्यातली साधारण ३ वर्षं परत मिळाली. ५० व्या वर्षी सोडणाऱ्यांना ६ वर्षं, ४० व्या वर्षी सोडणाऱ्यांना ९, आणि ३० व्या वर्षी सोडणाऱ्यांना जवळजवळ सगळी १०.

हे आकडे एकदा कागदावर लिहून काढा. घरात कोणी ओढणारं असेल तर त्यांना दाखवा.

माझ्या घरातली गोष्ट

आता थोडं वैयक्तिक. माझे वडील कारकून होते. साधा माणूस, एकच शौक, दिवसाला दहा-बारा सिगारेटी. मी एमबीबीएसला असताना, नव्यानेच दोन पुस्तकं वाचलेल्या मुलाच्या उत्साहात, त्यांना म्हणालो, "बाबा, सोडा आता." ते तेव्हा बावन्न वर्षांचे होते. हसून म्हणाले, "अरे, तीस वर्षं ओढली. जे व्हायचं ते होऊन गेलंय. आता सोडून काय मिळणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिगारेट वाईट असते, एवढं मला ठाऊक होतं. पण बावन्नाव्या वर्षी सोडली तर नेमकं काय मिळतं, हे मला सांगता आलं नाही, म्हणून मी गप्प बसलो. बाबा एकसष्टाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेले.

पुढे प्रॅक्टिस करत असताना डॉल यांचा तो २००४ चा निबंध वाचला. पन्नाशीत सोडली तर सहा वर्षं. त्या रात्री मी बराच वेळ त्या एका ओळीपाशी अडकलो होतो. सहा वर्षांत बाबांनी माझ्या मुलीला शाळेच्या गेटपर्यंत सोडलं असतं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगतो. हे आकडे सरासरीचे आहेत. बाबांनी सिगारेट सोडली असती तर ते नक्की सहा वर्षं जास्त जगले असते, असं कोणताही डॉक्टर म्हणू शकत नाही. कदाचित जास्त जगले असते, कदाचित नाही. पण "आता सोडून काय मिळणार" या प्रश्नाचं उत्तर "काहीच नाही" असं नव्हतं, हे नक्की. म्हणूनच मी आज दवाखान्यात हा प्रश्न ऐकला की गप्प बसत नाही.

एवढ्याशाने शरीरात काय होतं?

फ्रेमिंगहॅमच्या गावकऱ्यांकडे परत येऊ. तिथल्या डॉक्टरांनी १९६१ मध्ये 'रिस्क फॅक्टर' हा शब्द रूढ केला. आपण त्याला जोखमीचे घटक म्हणू. वाढलेलं बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट आणि पुढे मधुमेह. यातला प्रत्येक घटक एकटा असताना मध्यम त्रासाचा. पण दोन-तीन एकत्र आले की धोका कितीतरी पटींनी वाढतो. रस्त्यात एक खड्डा, त्यात अंधार आणि त्यात पाऊस, तसंच. म्हणूनच त्यातला एक जरी कमी केला, तरी फायदा दिसतो त्याहून मोठा असतो.

आता तुमच्या शरीरात डोकावू.

जिना चढताना मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू काम करू लागतात. काम करणारा स्नायू इन्शुलिनची फारशी मदत न घेताही रक्तातली साखर आत ओढून घेतो. म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललात तर जेवणानंतरची साखर कमी चढते. रक्ताचा ओघ वाढला की रक्तवाहिन्यांच्या आतलं नाजूक अस्तर त्यांना सैल करणारी रसायनं सोडतं. हे वर्षानुवर्षं होत राहिलं की वाहिन्या लवचीक राहतात.

मीठ जास्त गेलं की शरीर ते पातळ करायला पाणी धरून ठेवतं. वाहिन्यांतला ताण वाढतो. पापड, लोणचं, फरसाण, वरून घेतलेलं मीठ, प्रत्येक वेळी थोडंच. पण वाहिनीच्या भिंतीवर हा दाब दिवसाला एक लाखाच्या आसपास ठोक्यांतून पडत असतो.

शेवटची सिगारेट विझवल्यापासून एक-दोन दिवसांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निघून जातो. हृदयाचा धोका पहिल्या वर्षापासूनच उतरू लागतो.

थोडं गणित करा. वाहकाच्या दिवसाला ६०० पायऱ्या आणि वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले, तर वर्षाला १,८०,००० पायऱ्या. वीस वर्षांत ३६ लाख. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता, मजल्याला वीस पायऱ्या, दिवसातून दोनदा चढलात तर १२०. वर्षाला ४३,८००. एक पायरी म्हणजे काहीच नाही. पण शरीराला एक पायरी कधी दिसतच नाही. त्याला दिसते ती बेरीज.

सगळं आपल्याच हातात असतं का?

नाही. हे सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही.

कित्येकदा हार्ट अटॅक आलेल्या माणसाच्या उशाशी नातेवाईक म्हणतात, "तरी सांगत होतो, चालायला जात जा." कृपा करून असं बोलू नका. आनुवंशिकता, वय, नशीब यांचाही वाटा असतो. लंडनच्या वाहकांनाही हृदयविकार होत होताच, फक्त कमी. रोज पाच किलोमीटर चालणारे माझे रुग्णही कधी कधी अटॅक घेऊन येतात.

आणि दुसरं, निवड करण्याची मुभा सगळ्यांना सारखी नसते. ही गोष्ट मॉरिस यांना पुरेपूर ठाऊक होती. १९८० मध्ये ब्रिटनमध्ये गरीब आणि श्रीमंत यांच्या आरोग्यातल्या दरीवर एक अहवाल आला, ब्लॅक रिपोर्ट. तो लिहिणाऱ्यांमध्ये मॉरिस होते. सरकारला तो इतका अडचणीचा वाटला की त्याच्या फक्त २६० प्रती काढल्या गेल्या. नव्वदीच्या आसपासच्या वयातही मॉरिस हिशेब करत होते, की निरोगी जगायला एका माणसाला कमीत कमी किती उत्पन्न लागतं?

बारा तास रिक्षा चालवणाऱ्याला "रोज पाऊण तास चाला" हे सांगणं सोपं आहे. तो चालणार कधी? जिथे फुटपाथ नाही, तिथे आजीबाईंनी कुठे चालायचं? म्हणून मी रुग्णाला सल्ला देताना आधी त्याचा दिवस कसा जातो ते विचारतो. तुमच्या दिवसात बसेल तोच बदल टिकतो.

मग आजपासून काय?

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम हालचाल करायला सांगते. म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने चालणं. मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, साधारण एक सपाट चमचा, आणि त्यात पापड-लोणचंही आलं. पण हे सगळं एकदम करू नका. खालच्यांपैकी एकच निवडा.

१. तीन मजल्यांपर्यंत लिफ्ट नाही. गुडघे दुखत असतील तर जिन्याऐवजी सपाट रस्त्यावर चाला.

२. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालायचं. घरातल्या घरात चाललं तरी चालेल.

३. ताटात वरून मीठ घ्यायचं नाही. मिठाची बाटली टेबलावरून ओट्यावर न्या. उठून आणावं लागलं की निम्म्या वेळा आपण उठत नाही.

४. बीपीची किंवा शुगरची गोळी एखाद्या रोजच्या कामाला बांधा. दात घासले की गोळी. बीपी 'नॉर्मल' आलं म्हणून स्वतःहून बंद करू नका. ते गोळीमुळेच नॉर्मल आलेलं असतं.

५. सिगारेट, बिडी, तंबाखू, मिश्री सोडण्याची तारीख ठरवा आणि घरच्यांना सांगा. डॉल यांचे आकडे सिगारेटचे असले तरी चघळायचा तंबाखू सुरक्षित नाही, तोंडाचा कॅन्सर त्यानेही होतो. एकट्याने जमत नसेल तर डॉक्टरांना भेटा, मदतीला औषधं आहेत.

६. तिशी ओलांडली असेल तर वर्षातून एकदा बीपी आणि साखर तपासा. रूझवेल्टना जे मिळालं नाही, ते तुम्हाला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळतं.

एक महत्त्वाची सूचना: चालताना किंवा जिना चढताना छातीत दाब, जळजळ, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, नेहमीपेक्षा जास्त दम, चक्कर असं काही झालं तर "सवय नाही म्हणून होतंय" असं समजू नका. तिथेच थांबा. त्रास काही मिनिटांत थांबला तरी डॉक्टरांना लगेच दाखवा. थांबला नाही, तर वेळ न घालवता रुग्णालय गाठा. 'ॲसिडिटी असेल' म्हणून सकाळपर्यंत थांबायचं की आत्ताच निघायचं, हा निर्णयही छोटाच वाटतो. माझ्या अनुभवात सर्वांत महागात पडलेला छोटा निर्णय हाच आहे. ज्यांना आधीच हृदयविकार आहे त्यांनी व्यायाम डॉक्टरांना विचारूनच सुरू करावा.

मॉरिस यांचं पुढे काय झालं, हे सांगायचं राहिलं. त्यांच्या लहानपणी वडील त्यांना चार मैल चालायला नेत. तासाभरात अंतर कापलं तर बक्षीस म्हणून आईस्क्रीम! मोठेपणी ते लंडनमधल्या हॅम्पस्टेड हीथच्या माळावर पळायला जात. त्या काळी असं कोणी पळत नसे, त्यामुळे लोक वेड्यासारखं बघत. २००९ मध्ये ते गेले, तेव्हा शंभरीला काही महिनेच कमी होते.

माझा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे. इमारतीला लिफ्ट आहे आणि पूर्वी मी तीच वापरत असे. हल्ली जिन्यात माझे रुग्ण मला भेटतात. कोणी वर चाललेलं असतं, कोणी धापा टाकत कठडा धरून उभं असतं. आम्ही एकमेकांकडे बघून हसतो आणि पुढची पायरी चढतो.

काळजी घ्या.